वाचकांचे प्रश्न : आराम केला की बिघडणारे ठोके

हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. दिवसभर कितीही धावपळ केली तरी त्रास नाही, पण जेवून आडवं झालं की छातीत गडबड सुरू होते. एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे 'एएफ'चा, हा व्हेगल प्रकार, व्हेगस नावाच्या नसेमुळे सुरू होणारा. या अंकात त्याचीच पत्रं घेतली आहेत. ज्यांचं एएफ ईसीजीवर किंवा होल्टरवर (दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजीवर) दिसलं आहे त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. नुसती धडधड होत असेल तर आधी तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड होतेच.

वय ४४, कंपनीत शिफ्ट ड्यूटी. महिन्यातून दोन-तीनदा रात्री दीड-दोनला जाग येते, छातीत मासा तडफडावा तसं होतं. सकाळी उठून कामाला लागलो की आपोआप थांबतं. टूडी इको आणि ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आल्या, होल्टरमध्ये मात्र एएफ सापडलं. ट्रेडमिलवर का नाही सापडलं? – एक वाचक, सातपूर

कारण तुमचं एएफ ट्रेडमिलवर येण्यातलं नाही. हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात. एक घोड्याला टाच मारते, दुसरी लगाम ओढते. लगाम ओढणारी ती व्हेगस. पळताना टाच जोरात असते आणि व्हेगस मागे पडते. झोपेत, भरल्या पोटी आणि व्यायाम थांबवल्यावर व्हेगसचा जोर वाढतो.

लगाम ओढल्यावर घोडा शांत व्हायला हवा, मग बिघडतं कुठे? व्हेगस एका वेळी दोन कामं करते. ठोक्यांचा वेग कमी करते, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या स्नायूला दोन ठोक्यांमध्ये मिळणारी विश्रांतीही कमी करते. व्हेगसची टोकं स्नायूत सगळीकडे सारखी पसरलेली नसतात, म्हणून ही विश्रांतीसुद्धा सगळीकडे सारखी कमी होत नाही. एक भाग पुढच्या ठोक्याला तयार असतो, शेजारचा नसतो. अशा वेळी फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी एखादा चुकार ठोका उमटला, की तो तयार असलेल्या भागातून वाट काढत गोल गोल फिरत राहतो. तेच एएफ. फिलिप कुमेल या फ्रेंच हृदयतज्ज्ञाने १९७८ च्या सुमारास हे रूप वेगळं काढून दाखवलं. रुग्ण बहुधा मध्यम वयाचे पुरुष, हृदयाची रचना निरोगी, झटका रात्री किंवा जेवणानंतर आणि सुरू होण्याआधी नाडी मंदावलेली. तुमचं वर्णन यात चपखल बसतं.

तरी एक सांगून ठेवतो. निव्वळ व्हेगल असे रुग्ण थोडे असतात. बऱ्याच जणांचा प्रकार मिश्र असतो, कधी रात्रीच्या जेवणाने तर कधी साहेबाशी झालेल्या भांडणाने सुरू होणारा. म्हणून होल्टरचा रिपोर्ट हातात आला की नुसतं 'एएफ दिसलं' एवढ्यावर थांबू नका. सुरू होण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत ठोके कमी होत होते की वाढत होते, हे डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर म्हणाले, ट्रिगर शोधा. तीन महिने वहीत लिहितोय, निष्पन्न काही नाही. – पंचवटी

बहुतेक वह्या एकाच कारणाने फुकट जातात. त्यात फक्त वाईट रात्री लिहिलेल्या असतात. चार झटक्यांच्या आधी तुम्ही दही खाल्लं होतं, पण न बिघडलेल्या चाळीस रात्रींपैकी तीस रात्रीही दही खाल्लं असेल, तर दही निर्दोष आहे. म्हणून रोज लिहा, चांगल्या दिवशीसुद्धा. दोन ओळी पुरतात. उदाहरणार्थ:

'मंगळवार. संध्याकाळी १२ किमी पळणं. जेवण ९.४०, तडस लागेपर्यंत. झोपताना नाडी ५२. डावी कुस. १.५० ला सुरू, ५.१५ ला बंद.'

'बुधवार. व्यायाम नाही. जेवण ७.३०, बेताचं. झोपताना नाडी ६१. काही नाही.'

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर अनियमित नाडीत आकडा हमखास चुकतो. सहा-आठ आठवडे झाले की वही उलटी वाचा, म्हणजे झटक्यापासून मागे. बहुधा एकटं कारण सापडत नाही, जोड्या सापडतात. वरच्या मंगळवारी एकट्या पळण्याने किंवा एकट्या उशिराच्या जेवणाने कदाचित काही झालं नसतं. दोन्ही आणि वर डावी कुस, असे तिघे एकत्र आले म्हणून जमलं. याचा फायदा असा, की तिन्ही सोडावे लागत नाहीत, त्यांची गाठ पडू द्यायची नाही एवढंच. ज्या दिवशी लांब पळणं, त्या रात्री जेवण हलकं आणि लवकर.

आमच्या मिस्टरांना हाच त्रास. दुकान बंद करून घरी येईपर्यंत दहा वाजतात, मग जेवण. रविवारी मिसळ लागतेच. काय बंद करू? – इंदिरानगर

मिसळ राहू द्या. नाशिककर मिसळ सकाळी खातो, आणि खाऊन कामाला लागतो. घोटाळा मिसळीनंतर दोन पाव जास्तीचे, वर ग्लासभर ताक आणि लगेच दुपारची डुलकी, असा बेत झाला तर. तर्रीने जळजळ होत असेल तर तर्री कमी घ्या, कारण अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी मागून चिकटून जाते. तिथे आम्ल चढलं की व्हेगसलाही चाळवतं.

खरा प्रश्न दहाच्या जेवणाचा आहे. पोट ताणलं गेलं की व्हेगस चेतते, आणि त्याच वेळी झोपेमुळे ती आधीच वरचढ असते. पदार्थापेक्षा आकारमान आणि घड्याळ महत्त्वाचं. दुपारचं जेवण मोठं करा. संध्याकाळी सात-साडेसातला दुकानात डबा पोचवा, दोन पोळ्या आणि भाजी. दहाला घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी किंवा भाकरीचा चतकोर, बस. जेवण आणि अंथरूण यांत तीन तास हवेत. ते जमत नसेल तर ताटातलं निम्मं करा. सोडा आणि कोल्ड्रिंक रात्री नकोच, गॅसने पोट फुगून तोच परिणाम होतो. जेवताना लोटाभर पाणी गटागटा पिण्याची सवय असेल तर तीही मोडा.

आता झोपण्याची बाजू. इथे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. ॲसिडिटीवाल्याला डाव्या कुशीवर झोपा म्हणतात, आणि व्हेगल एएफच्या अनेक रुग्णांना नेमकी डावी कूसच बाधते. त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं. मार्ग असा, की पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली प्रत्येकी दोन विटा आडव्या एकावर एक ठेवायच्या. साधारण सहा इंच उंची मिळते, आणि मग उजव्या कुशीवर झोपलं तरी आम्ल फारसं चढत नाही. उशांचा ढीग हा उपाय नव्हे. त्याने कंबरेत वाकून पोट उलट दाबलं जातं. पाठीवर उताणं मात्र घोरणाऱ्याने झोपू नये.

आणि ते घोरतात का, हे तुम्हीच सांगू शकाल. घोरता घोरता आवाज एकदम बंद, दहा-पंधरा सेकंद शांतता, मग दचकून मोठा श्वास, असं होत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. श्वास अडकतो तेव्हा नाडी मंदावते, सुटतो तेव्हा उसळते, आणि हे रात्रभर चालतं. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याइतका उपयोगी उपाय या सगळ्या यादीत दुसरा नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या २०१५ सालच्या अभ्यासात ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं, त्यांचं एएफपासून मुक्त राहण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे सहापट होतं.

कुल्फीचा पहिला घास गिळताच ठोके बिघडले. असं असतं? आणि सिंहस्थात रामकुंडावर स्नान करायचं आहे. – जुने नाशिक

असतं. वर सांगितलेलीच अन्ननलिका आणि तिच्या मागोमाग जाणारी व्हेगस. गार घास छातीतून खाली उतरताना तिला चेतवतो. बर्फ घातलेला उसाचा रस, व्यायामानंतर फ्रिजचं पाणी, हेही त्यातलंच. कुल्फी खायचीच तर तोंडात विरघळू द्या आणि मग गिळा. माठाचं पाणी सहसा बाधत नाही.

स्नानाचं म्हणाल तर थंड पाणी चेहऱ्यावर, विशेषतः कपाळ आणि डोळ्यांभोवती आलं आणि श्वास रोखला गेला, की नाडी एकदम उतरते. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांमध्ये असते तीच ही प्रतिक्रिया. म्हणून थेट डुबकी नको. आधी पावलं, मग पोटऱ्या, हात, खांदे, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी, ओंजळीने. श्वास चालू ठेवायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुंडाच्या निसरड्या पायऱ्यांचा धोका थंड पाण्यापेक्षा मोठा आहे. कुणाचा तरी हात धरा.

याच संदर्भात एक गैरसमज. 'तोंडावर बर्फाचं पाणी मारा, जोरात कुंथा, ठोके जागेवर येतात' हा सल्ला एसव्हीटी नावाच्या वेगळ्या आजारासाठी आहे. त्यात व्हेगस चेतवून फेरा तोडतात. तुमच्या एएफचं मूळच व्हेगस, त्यामुळे हा उपाय करू नका. बद्धकोष्ठ असेल तर त्यासाठी इसबगोल घ्या, रोज सकाळी कुंथण्यानेही व्हेगस चेततेच.

सायकलिस्ट आहे, वय ३९. रविवारी त्र्यंबक-घोटी करून शंभरेक किलोमीटर होतात. सायकल चालवताना ठणठणीत, घरी येऊन आंघोळ करून पडलो की एएफ. सायकल सोडू का? – गंगापूर रोड

सोडू नका, थांबण्याची पद्धत बदला. चढावर तुमची नाडी १६० असते. दारात सायकल टेकवून सोफ्यावर पडलात की टाच एका झटक्यात निघते आणि व्हेगस जोरात परत येते. शेवटची १५-२० मिनिटं हलक्या गिअरवर, नाडी १०० च्या आसपास येईपर्यंत चालवा. मग दहा मिनिटं पायी चाला. आंघोळ कोमट पाण्याने, अर्ध्या तासाने. जेवण आणखी तासाभराने, आणि आडवं पडायचं नाही, दुपारी खुर्चीत बसा.

घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी पिऊन ते भरून येत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. 'जास्त ताकद' म्हणून अर्ध्या लिटरमध्ये घोळणारे भेटतात, त्याने मळमळ होते आणि पोट बिघडतं.

वर्षानुवर्षं आठवड्याला खूप तास दमाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये वरचे कप्पे मोठे होतात, नाडी कायम कमी राहते आणि एएफचं प्रमाण वाढतं, हे आता पक्कं आहे. वरचे उपाय करूनही त्रास चालू राहिला तर तीन महिने अंतर आणि वेग निम्म्यावर आणून पाहा. नाशिक-पंढरपूर सायकल वारीच्या तयारीच्या ऐन भरात हे पटणार नाही, पण वहीतला फरक पाहून ठरवा. आणि एएफ चालू असताना सायकलवर बसायचं नाही.

प्राणायामाने बरं वाटेल असं सगळे सांगतात. मला मात्र शवासनात दोनदा सुरू झालं. – सिडको

सगळे चुकीचं सांगत नाहीत. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४९ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात तीन महिन्यांच्या योगाने एएफचे झटके कमी झाले होते. पण ते सरसकट रुग्ण होते. तुमच्यासारख्याने दीर्घ कुंभक आणि जेवणानंतरचा मंद श्वसनाचा सराव टाळावा. आसनं सकाळी रिकाम्या पोटी करा, श्वास न रोखता अनुलोम-विलोम चालेल, आणि शेवटी शवासनाऐवजी पाच मिनिटं ताठ बसा.

मेटोप्रोलॉल सुरू केल्यापासून रात्रीचे झटके वाढलेत असं वाटतं. बंद करू? – नाशिकरोड

वाटतंय त्यात तथ्य असू शकतं, तरी स्वतः बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर टाच काढून घेतात, मग लगाम आणखी घट्ट होतो. डिगॉक्सिन तर व्हेगसचा जोर थेट वाढवतं. म्हणून व्हेगल प्रकारात ही औषधं जपून वापरावीत असं मानतात. पण मेटोप्रोलॉल अचानक तोडलं तर नाडी आणि बीपी उसळतात, आणि तुम्हाला ते बीपीसाठी किंवा दुसऱ्या कारणासाठीही दिलेलं असू शकतं. झटक्यांच्या तारखा आणि झोपतानाची नाडी लिहिलेली वही घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे जा. नुसतं 'गोळी सूट होत नाही' म्हणण्यापेक्षा 'आधी महिन्याला दोन, आता सहा, आणि झोपताना नाडी ४८' हे वाक्य लवकर काम करतं. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर तेही सांगा. तोही बीटा ब्लॉकरच, आणि डोळ्यातून रक्तात उतरतो.

पर्याय आहेत. हृदयाची रचना निरोगी असेल आणि झटके विरळ असतील, तर काहींना खिशातली गोळी देतात. रोज काही नाही, झटका आला की एकच डोस. फ्लेकेनाइड असेल तर वजन ७० किलोपेक्षा कमी असणाऱ्याला २०० मिग्रॅ, ७० किंवा जास्त असल्यास ३०० मिग्रॅ. प्रोपॅफेनोन असेल तर याच हिशेबाने ४५० किंवा ६०० मिग्रॅ. पहिला डोस हॉस्पिटलमध्ये, मॉनिटर लावूनच घ्यायचा. कारण या गोळीने एएफ कधी कधी 'फ्लटर'मध्ये बदलतं आणि वरचा प्रत्येक ठोका खाली उतरून नाडी २०० च्या पुढे जाऊ शकते. ते टाळायला अर्धा तास आधी वेग आवरणारी दुसरी गोळी देतात. डोस घेतल्यावर ठोके जागेवर येईपर्यंत, किंवा निदान चार तास, बसून राहायचं. २४ तासांत दुसरा डोस नाही. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा पंपिंग कमी आहे त्यांना ही औषधं चालतच नाहीत, म्हणून शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नका.

आईचं वय ६७, शुगर आहे. एएफ महिन्यातून एकदा, दोन तास, तेही रात्री. तरी रक्त पातळ करायची गोळी? ॲस्पिरिन पुरणार नाही? – देवळाली कॅम्प

पुरणार नाही. गुठळीचा धोका एएफ कशाने सुरू झालं यावर ठरत नाही, माणसाकडे आणखी काय काय आहे त्यावर ठरतो. वय ६५ ते ७४ ला एक गुण, ७५ पासून दोन, बीपी एक, शुगर एक, हार्ट फेल्युअर एक, रक्तवाहिन्यांचा आजार एक, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर दोन. आईचे वय आणि शुगर धरून दोन झाले, आणि दोनला गोळी द्यावी असंच मार्गदर्शक सूत्र आहे. जेवण सांभाळून झटके पूर्ण थांबले तरी ही गोळी त्या कारणाने बंद होत नाही.

ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन असेल तर नियमित आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं याची) तपासणी, आणि पालक-मेथी रोज साधारण सारख्याच प्रमाणात. एपिक्सॅबॅनला हे पथ्य नाही, पण दिवसातून दोनदा न चुकता. रिव्हरॉक्सॅबॅन जेवणासोबतच, उपाशी पोटी ते नीट शोषलं जात नाही. म्हणजे एकादशीला सुद्धा गोळीसोबत पोटभर फराळ हवा. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर डायक्लोफिनॅक आणू नका, पोटात रक्तस्राव होण्याची ती नेहमीची वाट आहे.

शहाळं आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या? – म्हसरूळ

पोटॅशियम कमी पडलं तर ठोके बिघडतात, म्हणून रक्त तपासा. ४ च्या खाली असेल तर डॉक्टर भरून काढतील. किडनी बरोबर असेल तर एक शहाळं ठीक. पण बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम आधीच चढतं. मग रोज दोन-तीन शहाळी हा उपाय न राहता अपाय होतो. मॅग्नेशियमने झटके थांबतात याला भक्कम पुरावा नाही. जास्त घेतलं की जुलाब होतात, आणि जुलाबात पोटॅशियम जातं.

वाइन ही दारू नव्हे, असं मित्र म्हणतात. – कॉलेज रोड

द्राक्षांच्या गावात हा युक्तिवाद होणारच. हृदयाला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. ऑस्ट्रेलियात एएफ असलेल्या, नियमित पिणाऱ्यांवर २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. पिणं जवळजवळ थांबवलेल्यांत सहा महिन्यांत ५३ टक्क्यांना एएफ परत आलं, चालू ठेवलेल्यांत ७३ टक्क्यांना. रात्रीचं जेवण आणि वाइन ही जोडी तर तुमच्यासाठी सगळ्यांत वाईट.

झटका आला की पहिल्या तासात नेमकं काय करावं? – अंबड

उठून बसा. वेळ लिहा. घोटभर साधं पाणी. घरातल्या घरात सावकाश दहा-पंधरा मिनिटं चाला. व्हेगल प्रकारात नाडी थोडी वाढली की काहींचे ठोके लगेच जागेवर येतात, म्हणून लक्षात येताच चालणं बरं. चक्कर येत असेल तर मात्र चालू नका. बीपी मशीन एएफमध्ये एका वेळी १०० तर दुसऱ्या वेळी १३० दाखवतं. तीनदा मोजून सरासरी घ्या. या काळात वारंवार लघवीला होईल. ताणलेल्या कप्प्यातून सुटणाऱ्या हार्मोनचा तो परिणाम आहे. घाबरू नका, पण अंधारात धडपडू नका आणि गेलेलं पाणी भरून काढा.

छातीत दुखणं, बेशुद्धी, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, यांतलं एकही असेल तर १०८. नाडी बसूनही १२०-१३० च्या वर राहिली तर त्याच रात्री हॉस्पिटल. बाकी काही नसेल तरी सकाळपर्यंत थांबलं नाही तर ईसीजी काढायला जा. शॉक देऊन ठोके जागेवर आणायचे असतील तर सुरू होऊन किती तास झाले यावर सगळं अवलंबून असतं. २४ तासांच्या आत निर्णय सोपा असतो, नंतर आधी गुठळी नाही ना ते पाहावं लागतं. म्हणून ती लिहून ठेवलेली वेळ.

ॲब्लेशन झालं. आता नाडी झोपेत ७४, पूर्वी ५६ असायची. काही बिघडलं का? – महात्मानगर

बहुधा नाही. ॲब्लेशनमध्ये फुप्फुसाच्या शिरांच्या तोंडाभोवती भाजून ती वरच्या कप्प्यापासून वेगळी पाडतात. चुकार ठोके तिथून निघतात हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. त्याच तोंडांशी व्हेगसच्या गाठी असतात, त्याही थोड्या भाजल्या जातात, म्हणून लगाम सैल पडून नाडी १०-१५ ने वाढते. काहींत ती पुढच्या महिन्यांत थोडी खाली येते, काहींत वाढलेलीच राहते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून एएफ आलं तरी ते अपयश धरत नाहीत, जखम भरत असते. या काळात रक्त पातळ करणारी गोळी चुकवायची नाही आणि उशाखालच्या विटाही एवढ्यात काढायच्या नाहीत. बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर गेली, ताप आला किंवा गिळताना दुखू लागलं, तर मात्र ज्यांनी ॲब्लेशन केलं त्यांना त्याच दिवशी फोन करा. ही लक्षणं काही आठवड्यांनंतर आली तरी.